नानांचा काढीव मुहूर्त

शनिवारी संध्याकाळी मी पश्चिम किनाऱ्यावरच्या बेलव्ह्यूला पोचले, तेव्हा माझी धाकटी बहीण शुभा स्टुलावर चढून हॉलमधलं घड्याळ एक तास पुढे करत होती. दुसऱ्या दिवशी तिच्या एकुलत्या एका मुलीचं, रुचाचं लग्न. घरात फुलांची खोकी पडलेली, रुखवताचं सामान सोफ्यावर पसरलेलं, आणि ही बाई स्टुलावर.

"अगं, ते रात्री झोपताना करायचं असतं," मी म्हणाले. "मला पाणी तरी विचार."

"आत्ताच करते ताई. नंतर राहून जाईल."

मग तिने स्टोव्हवरचं घड्याळ पुढे केलं, मायक्रोवेव्हवरचं केलं, बाहेर जाऊन गाडीतलंही करून आली. पाच मिनिटांनी स्टोव्हपाशी येऊन पुन्हा बघितलं. मी पर्स खांद्यावरून न काढता तिच्या मागे फिरत होते. एका जागी बसेल तर ती शुभा कसली, हे मला ठाऊक आहे; पण त्या दिवशीचं तिचं फिरणं वेगळं होतं.

मला या घड्याळ पुढे-मागे करण्याचा मनापासून राग आहे. मी टेक्ससमधल्या प्लेनोची, म्हणजे आधीच हिच्यापेक्षा दोन तास पुढची, त्यात हा वरचा तास. मार्चमध्ये सगळ्या देशाने एका रात्रीत एक तास गिळायचा आणि नोव्हेंबरमध्ये तो परत ओकायचा. पहिल्या महायुद्धात जर्मनांनी कोळसा वाचवायला हे सुरू केलं, बाकीच्यांनी उचललं. कोळसा गेला, लढाई गेली, हे मात्र राहिलं. शेतकऱ्यांसाठी करतात असं लोक मोठ्या खात्रीने सांगतात, पण शेतकऱ्यांनाच ते नको होतं. गाय काही घड्याळ बघून दूध देत नाही. घड्याळं पुढे गेली की पुढच्या सोमवारी हार्ट ॲटॅक वाढतात, असंही मी कुठेतरी वाचलंय. खरंखोटं देव जाणे. आमच्यापुरतं खरं एवढंच, की तीन वर्षांपूर्वी त्याच सोमवारी शुभाचा नवरा रवींद्र ऑफिसच्या पार्किंगमध्ये कोसळला आणि घरी आलाच नाही.

सगळी घड्याळं झाली. स्वयंपाकघरातलं एक तेवढं राहिलं. ते नागपूरचं. रवींद्रने घर घेतलं त्याच आठवड्यात लावलेलं. नाना, म्हणजे त्याचे वडील, नागपूरला एकटे राहतात. रवींद्र त्यांना रोज त्यांच्या सकाळी आठला फोन करायचा, त्या घड्याळात बघून. तो गेल्यावर शुभा करते, तशीच, आठच्या ठोक्याला. इथली वेळ काहीही होवो, त्यांचे आठ ते आठच.

त्या घड्याळासमोर उभी राहून शुभा बोटं मोजत होती.

"काय हिशेब चाललाय?"

"ताई, नानांनी मुहूर्त जुन्या वेळेने काढला असेल की नव्या?"

इथे थोडं सांगायला हवं. हॉल मिळाला तो हाच रविवार. त्या दिवशी पंचांगात मुहूर्त नव्हता, म्हणून नानांनी काढीव मुहूर्त दिला. नाना एक्क्याण्णव वर्षांचे. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं, पंचांगाचं गणितही स्वतः करतात. बेलव्ह्यूचे अक्षांश-रेखांश मागवून घेतले, आठवडाभर कागद काळे केले आणि कळवलं: सकाळी दहा वाजून दहा मिनिटं. डॉक्टर त्यांना विमानात बसू देत नाहीत. म्हणून त्यांनी एकच गोष्ट मागितली. व्हिडिओवर लग्न बघायचं आणि त्या मिनिटाला तिथून अक्षता टाकायच्या. शेजारची सावनी टॅब लावून देणार होती.

"त्यांना हे घड्याळ पुढे करायचं डेलाइट सेव्हिंग माहीत नसणार," शुभा म्हणाली. "म्हणजे त्यांचे दहा-दहा हे उद्याच्या घड्याळात अकरा-दहा. ते त्या वेळेला बसणार आणि आपण तासभर आधीच लग्न लावून जेवायला बसलेलो असणार."

"मग फोन करून विचार. त्यांच्याकडे सकाळ झालीये."

"नाही विचारता येत."

"का?"

ती खुर्चीवर बसली. मी आल्यापासून पहिल्यांदा बसली. "रवीच्या फ्युनरलला नाना उशिरा जॉइन झाले होते, आठवतं?"

"आठवतं की. लिंक चालत नव्हती."

"लिंक चालत होती ताई."

मग तिने मला ते सांगितलं, जे तीन वर्षं कुणालाच सांगितलं नव्हतं. तिने नानांना फोनवर सांगितलं होतं, अकरा वाजता आहे. नानांनी साडेतेरा तास मिळवले आणि विचारलं, म्हणजे आपले रात्रीचे साडेबारा ना? आणि ही म्हणाली, हो. तीन दिवसांपूर्वी घड्याळं पुढे झालीयेत, आता साडेबाराच तास मिळवायचे, हे तिच्या डोक्यात आलंच नाही. कुठून येणार? नाना तिकडे साडेबाराच्या आधी पाच मिनिटं तयार होऊन बसले. तोवर इथे सगळं संपलं होतं आणि लोक आपापल्या गाड्यांकडे निघाले होते. रेकॉर्ड करायचं कुणालाच सुचलं नव्हतं.

"मी म्हटलं, नाना, लिंक बंद पडली होती. ते म्हणाले, असं होय. परत कधी विषय काढला नाही." शुभा हाताच्या तळव्याने टेबल पुसत होती, टेबलावर काही नसताना. "आता डेलाइट सेव्हिंगचं विचारलं, तर ते दोन मिनिटांत मागचं गणित मांडतील. माझ्या एका 'हो'मुळे त्यांचं मुलाला शेवटचं बघणं राहिलं, हे त्यांना आता कळायला नको. आणि हे लग्नही चुकायला नको. बास."

मला तिचा रागही आला आणि तिच्यासाठी वाईटही वाटलं. राग अशासाठी, की तीन वर्षं हे एकटीने उरावर घेऊन बसली, मला बोलली नाही. मी कुणी परकी होते का?

पण मी व्यवहारी बाई. म्हटलं, नानांना नको, त्या सावनीला विचारू. शुभाचा फोन चार्जिंगला होता, म्हणून माझ्या फोनवरून मेसेज केला: आज रात्री नाना किती वाजता बसणार आहेत? लगेच उत्तर आलं. "नक्की वेळ नाही सांगितली काकू. मुहूर्त माझ्या डोक्यात आहे म्हणाले. मला बारापर्यंत जागी राहा म्हणालेत."

"बघ," शुभा म्हणाली. "बारापर्यंत. म्हणजे साडेअकराच्या पुढेच बसणार. जुन्याच वेळेने काढलाय."

तिने त्यावर शिक्कामोर्तब करून टाकलं. बारापर्यंत जागी राहा याचे आणखीही अर्थ होऊ शकतात, हे मला तेव्हा सुचायला हवं होतं. पण मी पहाटेपासून उपाशी होते आणि समोर बटाटेवडे आले होते.

लग्न एक तास पुढे ढकलायचं, पण कुणाला न सांगता. कारण सांगायचं म्हणजे सगळंच सांगावं लागणार. पत्रिकेत दहा-दहा छापलेलं. रुचा त्या रात्री तीनदा येऊन म्हणाली, "मावशी, आई इतकी वियर्ड का वागतीये? इज शी ओके?" मी तिन्ही वेळा म्हणाले, मुलीचं लग्न आहे, दुसरं काय.

सकाळी आम्ही हॉलवर पोचलो, तर पार्किंग निम्मं रिकामं. आपली माणसं एरवीही तासभर उशिराच येतात, आज त्यांना सरकारी निमित्त मिळालं होतं. नवऱ्याकडची मंडळी मात्र झाडून वेळेवर. नवरदेव सत्यजितची आई तर आमच्याही आधी येऊन पहिल्या रांगेत बसली होती, हातात घडी केलेली शाल घेऊन.

गुरुजी होते गुरुनाथ. सोमवार ते शुक्रवार सॉफ्टवेअर टेस्टिंग, शनिवार-रविवार लग्नमुंजी. मनुष्य चोख. "दहा-दहा म्हणजे दहा-दहा हं मावशी," त्याने मला आल्या आल्या बजावलं. "दुपारी टकोमाला मुंज आहे माझी. आय मीन, माझी नाही."

शुभा काठपदराच्या साडीत हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या घालत होती. माझ्या मुलाला, अनीशला, तिने बजावून ठेवलं होतं की नानांची लिंक अकराला उघडायची, आधी नाही. तो म्हणाला, "पण मावशी, टेस्ट तर करायला हवी." तिने त्याच्याकडे असं काही पाहिलं की तो मुकाट्याने माइकच्या वायरी गुंडाळायला गेला.

मग ती माझ्याकडे आली आणि पदराआडून एक गुंडाळी माझ्या हातात दिली. "ताई, हे ठेव. मी सांगेपर्यंत काढू नकोस."

अंतरपाट होता.

आयुष्यात मी बरीच लग्नं पार पाडली, पण अंतरपाट चोरण्याची वेळ कधी आली नव्हती. मी तो पर्समध्ये कोंबला, गाडीच्या किल्ल्या, टिश्यू आणि सायलेंटवर टाकलेल्या फोनच्या वर, आणि पर्स पोटाशी धरून बसले.

गौरीहरापाशी शुभाने रुचाचा विधी लांबवता येईल तितका लांबवला. पुन्हा हळद, पुन्हा कुंकू, ओटी परत भरली. रुचा कुजबुजली, "आई, हे ऑलरेडी झालंय." दहा वाजत आले. गुरुनाथने सत्यजितला पाटावर उभं केलं, रुचाला बोलावलं, आणि विचारलं, "अंतरपाट?"

शोधाशोध सुरू झाली. पूजेच्या ताटाखाली बघितलं, फुलांच्या खोक्यात बघितलं, अनीश गाडीपर्यंत पळत जाऊन आला. शुभा सगळ्यांत जोरात शोधत होती. सत्यजितच्या आईने हातातली शाल पुढे केली. "ही चालेल का? नवीनच आहे."

"चालेल की," गुरुनाथ म्हणाला.

"नाही चालणार," शुभा म्हणाली. "आमच्याकडे अंतरपाटच लागतो. सापडेल आत्ता. थांबा थोडं."

विहीणबाईंनी शाल मांडीवर घेतली आणि तिची घडी पुन्हा नीट केली. माझे तळहात घामेजले होते. म्हटलं, टिश्यू काढावा, म्हणून पर्समध्ये हात घातला, तर अंतरपाटाखाली फोन थरथरत होता. सावनीचा नंबर. तिचे आधीचेही कॉल येऊन गेले होते.

मी पर्ससकट उठून बाहेरच्या पॅसेजमध्ये गेले.

"काकू, शुभाकाकू फोन उचलत नाहीयेत. आजोबा कधीचे बसलेत. स्क्रीन काळीच आहे. देते त्यांना."

"सुलभाताई?" नानांचा आवाज. एक्क्याण्णवाव्या वर्षीही वर्गाच्या मागच्या बाकापर्यंत जाईल असा. "अहो, लिंक लागत नाहीये. मुहूर्ताला सात मिनिटं राहिली."

"नाना, मुहूर्त... तुमच्या घड्याळात किती वाजता आहे?"

"दहा चाळीस. साडेबारा तासांनी. आजपासून तुमची उन्हाळी वेळ लागली ना, ती धरूनच काढलाय. मला तो टॅब हाताळता येत नाही, म्हणून सावनीला बारापर्यंत थांब म्हटलंय, सगळा सोहळा बघून होईस्तोवर." मग आवाज खाली आला. "मागच्या वेळी मी चुकलो होतो, ताई. रवीच्या वेळी. साडेतेरा धरले. नंतर पेपरात या उन्हाळी वेळेचं वाचलं, तेव्हा लक्षात आलं. आणि मला ते कळायला हवं होतं हो. लढाईच्या काळात आपल्याकडेही घड्याळं तासभर पुढे केली होती, मी आठ-नऊ वर्षांचा होतो. वडील घरात जुनी वेळ आणि नवी वेळ असं दोन्ही सांगायचे. सगळं माहीत असून, आयुष्यभर गणित शिकवून, पोराच्या वेळी तास चुकलो. शुभा मला वाईट वाटू नये म्हणून लिंकचं नाव सांगते. मीही काही बोललो नाही. पोरीला कशाला लाजवा. पण आज नाही चुकायचं मला. आज खरंच लिंक बंद असेल, तर तेवढी बघा की कुणाला सांगून."

"बघते नाना," मी म्हणाले. मी पळाले. साठीच्या बाईने नऊवारी नेसून पळू नये, पण मी पळाले. आधी अनीशला गाठलं. "लिंक उघड. आत्ता."

"मावशी म्हणाली अकरा..."

"मी तुझी आई आहे. उघड."

शुभा खुर्च्यांखाली वाकून अंतरपाट शोधण्याचं नाटक करत होती. मी तिला दंडाला धरून उठवलं आणि कानात सांगितलं. जेवढं आणि जसं सुचलं तेवढं. त्यांना माहीत आहे. उन्हाळी वेळ धरूनच काढलाय. कधीपासून बसलेत. मागची चूक त्यांचीच, असं ते समजतात.

शुभाचा चेहरा मी लहानपणापासून बघत आले आहे. असा कधी बघितला नव्हता.

"त्यांची?" ती म्हणाली. "त्यांची कशी?"

"ते नंतर. पाच मिनिटं राहिलीत."

मी पर्स उघडली आणि दोनशे माणसांसमोर अंतरपाट बाहेर काढला. त्याच्या टोकाला गाडीच्या किल्ल्या अडकून आल्या, त्या खणकन फरशीवर पडल्या. विहीणबाईंनी माझ्याकडे बघितलं, मग पर्सकडे, मग पुन्हा माझ्याकडे. मी म्हटलं, "वय झालं बघा माझं. पर्समध्येच होता." आजतागायत त्यांना वाटतं की मला विसरण्याचा आजार आहे. वाटू दे.

अनीशने नानांना मोठ्या पडद्यावर आणलं. धुतलेलं धोतर, कोट, डोक्यावर काळी टोपी, एका मुठीत अक्षता. मागे त्यांच्या भिंतीवरचं घड्याळ दिसत होतं. ते आमच्याकडे बघत नव्हते, मान वळवून त्या घड्याळाकडेच बघत होते. रुचाने अंतरपाटाच्या अलीकडून हात हलवला आणि "नाना" म्हणाली, तेव्हा कुठे त्यांनी पुढे बघितलं.

गुरुनाथने मंगलाष्टक सुरू केलं. नाना तिकडून त्याच्या बरोबरीने म्हणत होते, पण आवाज पोचायला वेळ लागत होता. आमचं सावधान होऊन जायचं आणि त्यांचं दोन क्षणांनी मागून यायचं. पहिल्या कडव्याला लोकांनी अक्षता टाकल्या आणि मग त्यांचं सावधान आलं. दुसऱ्याला गुरुनाथ हात वर करून थांबला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्यानंतर प्रत्येक कडव्याला सगळा हॉल मूठ आवळून नानांच्या सावधानची वाट बघत उभा राहिला आणि ते आल्यावरच अक्षता पडल्या. शेवटचं कडवं दहा-दहाला संपलं. नानांनी मूठ उघडली. त्यांच्या अक्षता टॅबच्या काचेवर पडल्याचा आवाज आमच्या स्पीकरवर आला. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

हार झाले, टाळ्या झाल्या. शुभाने अनीशकडून फोन मागून घेतला, नानांची लाइन त्यावर घेतली आणि ती काचेच्या दाराबाहेर गेली. इथे कन्यादान माझ्या नवऱ्याने आणि मी करायचं, असं आधीच ठरलेलं होतं. आम्ही करत होतो, पण माझं अर्धं लक्ष दारात होतं. ती पार्किंगच्या कडेला पाठमोरी उभी होती. खूप वेळ एका जागी उभी होती, हलत नव्हती.

सप्तपदीला ती परत आली. डोळे सुजलेले, पण पावलं शांत. माझ्या शेजारी येऊन बसली.

"सांगितलंस?" मी हळूच विचारलं.

"सांगितलं. हो मीच म्हणाले होते, ते पण सांगितलं."

"रागावले?"

"नाही गं. सगळं ऐकून घेतलं." ती रुचाच्या पावलांकडे बघत होती, तांदळाच्या एका राशीवरून दुसरीवर जाणाऱ्या. "मग म्हणाले, म्हणजे माझी चूक नव्हती तर मी आता विचारू शकतो. त्या दिवशी रवी कसा दिसत होता?"

तीन वर्षांत त्यांनी हे एकदाही विचारलं नव्हतं. वेळेवर न पोचलेल्या माणसाने कुठल्या तोंडाने विचारायचं, असं धरून बसले होते.

"मग?"

"मी म्हटलं, शांत दिसत होता. दाढी अनीशने केली होती. तुम्ही दिवाळीला पाठवलेला निळा शर्ट घातला होता." शुभाने पदराने नाक पुसलं. "तर म्हणाले, त्या शर्टाच्या बाह्या त्याला लांब होत्या ना गं?"

"तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, हो नाना, लांब होत्या. मी दुमडून दिल्या होत्या."